रक्तदाबाबरोबर साखर आणि चरबीही पाहू या



कौटुंबिक डॉक्टरांची ही परिषद शहाडला भरते आहे आणि तिचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे दिलंत, याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्या दवाखान्यांत रक्तदाब एकटा तपासला जातो आणि एकट्यावरच उपचार होतात. हे थांबलं पाहिजे.

रोजचं उदाहरण घ्या. पंचेचाळिशीचा गृहस्थ डोकं जड झालं म्हणून येतो. आपण पट्टा बांधतो, दाब 150 वर 96 निघतो. मीठ कमी करायला सांगतो, एक गोळी लिहून देतो, महिन्याने बोलावतो. दाब उतरला की त्यालाही समाधान आणि आपल्यालाही. दोन वर्षांनी पायाची जखम भरत नाही म्हणून शुगर तपासली जाते, ती अडीचशेच्या वर असते. कोलेस्टेरॉलचा कागद तर बऱ्याचदा छातीत दुखल्यावर अतिदक्षता विभागातच पहिल्यांदा निघतो. हे तिन्ही विकार त्या माणसाच्या शरीरात बहुधा एकाच सुमारास मूळ धरून बसलेले असतात. आपण मात्र ते एकामागून एक आल्यासारखे नोंदवतो.

मुळाशी काय घडतं, हे सभागृहातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. आशाताईंसाठी आणि आलेल्या नागरिकांसाठी थोडक्यात सांगते. पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती चरबी साठू लागली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. साखर ताब्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. त्यामुळे कित्येक वर्षं साखरेचा आकडा ठीक दिसतो, पण वाढलेलं इन्सुलिन आपलं काम करतच असतं. ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. अनुकंपी मज्जासंस्थेला चेतवतं, मग नाडी जलद होते आणि रक्तवाहिन्या आवळतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर त्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड पुरेसं बनवेनासं होतं. चरबीच्या पेशीही दाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनचा कच्चा माल पुरवतात. अशा रीतीने साखर वाढल्याचं कळण्याआधीच दाब चढलेला असतो.

याच अवस्थेत यकृत जादा ट्रायग्लिसराइड तयार करून रक्तात सोडतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, खाली येतं. चढलेला दाब, जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल आणि सीमेवरची साखर हा समूह जेराल्ड रीव्हन यांनी 1988 साली आपल्या व्याख्यानात एकत्र मांडला, आणि त्याच्या मुळाशी इन्सुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद आहे हे ठामपणे सांगितलं. एलडीएलची, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात त्याची, वाट थोडी निराळी आहे. ते दाबाला थेट फारसं चढवत नाही. ते धमनीच्या भिंतीत शिरून बसतं आणि वर्षानुवर्षांनी भिंत जाड व ताठ करतं. वाढलेला दाब त्याच भिंतीला इजा करून एलडीएलला आत शिरायला मदत करतो. साखर भिंतीतल्या प्रथिनांना चिकटून त्यांची लवचीकता घालवते. तिघांचा मारा एकाच भिंतीवर होतो, म्हणून त्यांची बेरीज साध्या बेरजेपेक्षा जास्त भरते.

‘पण डॉक्टर, मी तर बारीक आहे,’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. त्याला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिलेलं उत्तर प्रत्येक दवाखान्यात लावण्याजोगं आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा याज्ञिक यांच्या गटाने अभ्यास केला, तेव्हा इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असलेली ही बाळं अंगातली चरबी मात्र राखून असल्याचं दिसलं. आपल्या माणसाचं वजन बघून निश्चिंत होणं म्हणूनच धोक्याचं आहे. वजनकाट्याइतकीच कमरेची मोजपट्टी महत्त्वाची. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 च्या पुढे गेली की पुढच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत.

हा प्रश्न मूठभरांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी 11.4 टक्क्यांना मधुमेह, 15.3 टक्के त्याच्या उंबरठ्यावर, 35.5 टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि 39.5 टक्क्यांचं पोट सुटलेलं आहे. शहरांत यातले बहुतेक आकडे खेड्यांपेक्षा चढे आहेत.

आता आपल्या शहाडविषयी. हे गाव उल्हास नदीकाठी, कल्याणच्या पुढच्या स्टेशनाशी आणि रेयॉनच्या धाग्याशी बांधलेलं आहे. इथे सेंच्युरी रेयॉन, पलीकडे मोहोन्याला एनआरसी, असे हे दोन रेयॉनचे कारखाने. या दोन नावांवर इथल्या पिढ्यांचे संसार उभे राहिले. एनआरसी बंद पडून बरीच वर्षं झाली, पण तिथे आयुष्य घालवलेली माणसं आजही आपल्या बाकांवर बसलेली असतात. व्हिस्कोस रेयॉन बनवताना लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या सेल्युलोजवर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करावी लागते. या रसायनाचा हृदयाशी असलेला संबंध जगात फार पूर्वी ध्यानात आला. वेल्समधल्या रेयॉन कामगारांच्या मृत्यूंची नोंद तपासून टिलर, शिलिंग आणि मॉरिस यांनी 1968 साली दाखवून दिलं, की धागा काढणाऱ्या विभागातल्या पुरुषांत हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. फिनलंडमध्ये हर्नबर्ग आणि सहकाऱ्यांना अशा कामगारांत रक्तदाबही चढा आढळला. अमेरिकेतल्या एका अभ्यासात जास्त संपर्क असलेल्यांचं एलडीएल वाढलेलं दिसलं. फिनलंडच्या कारखान्यात 1972 नंतर संपर्क कमी केला गेला आणि पुढच्या वर्षांत मृत्यूचा तो जादा धोकाही ओसरत गेला. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण कामाच्या जागची हवा सुधारली तर हृदय वाचतं, हे तिथे मोजून सिद्ध झालं.

इथल्या कोणत्याही कारखान्याबद्दल मी काही आरोप करत नाही. आपल्या परिसरातल्या कामगारांची अशी तपासणी माझ्या हाती नाही आणि पुराव्याशिवाय बोलणं डॉक्टरला शोभत नाही. एवढंच म्हणते, की दाबाचा पेशंट समोर असेल तर ‘कामाला कुठे होता? कुठल्या खात्यात? किती वर्षं?’ हे तीन प्रश्न केसपेपरवर आलेच पाहिजेत. आपण विडी, तंबाखू, दारू विचारतो. काम विचारायचं राहून जातं.

पाळ्यांचाही विचार करा. रात्रपाळी करणाऱ्यांत पोटाचा घेर, साखर आणि दाब जास्त असल्याचं अनेक देशांत दिसलेलं आहे. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री उशिरा घरी येऊन भरपेट जेवून लगेच आडवा होणारा आपला नोकरदार पाळीत नसला तरी त्याच चक्रात सापडलेला आहे. त्यात स्टेशनबाहेरचा वडापाव, घरातलं पापड-लोणचं, आगरी-कोळी स्वयंपाकातलं सुकट आणि सुके बोंबील. हे पदार्थ मलाही प्रिय आहेत आणि ते सोडा असं मी कुणाला सांगत नाही. पण दिवसभरातलं मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सुक्या मासळीतलं मीठ आपण कधी मोजतच नाही. मासळी नीट धुऊन, भिजवून, ते पाणी टाकून शिजवली तर मीठ बरंच उतरतं. ज्या दिवशी सुकट, त्या दिवशी पापड नको, एवढं सांगितलं तर घरातली बाई ऐकते. ‘मीठ बंद’ म्हटलं तर कुणीच ऐकत नाही.

उपचारांबद्दल मला दोन अभ्यासांची आठवण करून द्यायची आहे. ब्रिटनमध्ये मधुमेह्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली आले. त्यांत दाब अधिक काटेकोरपणे आवरलेल्या गटात पक्षाघात 44 टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू 32 टक्क्यांनी कमी झाले. 2003 साली दुसऱ्या अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या, पण कोलेस्टेरॉल फारसं न वाढलेल्या दहा हजारांवर रुग्णांचा विचार झाला. त्यांतल्या ज्यांना रोज 10 मिलिग्रॅम अॅटॉर्व्हास्टॅटिन दिलं, त्यांचे हृदयविकाराचे झटके आणि त्यातून होणारे मृत्यू 36 टक्क्यांनी घटले. मधुमेह्याला वाचवायचं तर त्याचा दाब आवरा, आणि दाबाच्या रुग्णाला वाचवायचं तर त्याच्या रक्तातल्या चरबीकडे पाहा, असा या दोन्हींचा अर्थ.

औषध निवडतानाही तिन्ही गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात. थायझाइडची मोठी मात्रा साखर आणि ट्रायग्लिसराइड चढवू शकते. बीटा ब्लॉकर साखर उतरल्याची धडधड झाकतो. लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी आधी आठवावं. जुन्या मधुमेह्याचा दाब उभं करूनही मोजा, कारण त्याची मज्जासंस्था दुबळी झाली असेल तर उठताना दाब घसरतो आणि तो न्हाणीघरात पडतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दाब वाढलेल्या प्रत्येक माणसाची उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी, लिपिड, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि कंबर पहिल्या महिन्यातच पाहिली जावी, असा माझा आग्रह आहे. खर्चाचा प्रश्न खरा आहे. रोजंदारीवरचा माणूस एवढ्या तपासण्या एकदम करू शकत नाही. त्याला महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा, चिठ्ठीवर नेमकं लिहून द्या आणि पुढच्या खेपेला कागद मागून घ्या. कंबर मोजायला तर पैसाही लागत नाही. पापड लाटून संसार चालवणाऱ्या बाईला, रिक्षाचालकाला, निवृत्त रेयॉन कामगाराला ही तपासणी नाकारली जाण्याचं कारण आपलं विस्मरण असता कामा नये.

उद्या सकाळी दवाखाना उघडाल तेव्हा दाबाच्या यंत्राशेजारी एक मोजपट्टी ठेवा आणि पहिल्या दाबाच्या पेशंटपासून सुरुवात करा. पुढच्या परिषदेला येताना आपापल्या नोंदी घेऊन या. शहाड, मोहोने, आंबिवली, उल्हासनगर इथल्या या नोंदी एकत्र केल्या, तर इथल्या माणसांबद्दल बोलायला आपल्याकडे इथलाच पुरावा असेल.