लोहगडाचा चिरा

लोहगडवाडीतून पायऱ्या चढू लागलं की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणवीसांनी गडाचं बरंच बांधकाम करून घेतलं. चढताना तिथल्या चिऱ्यांकडे नीट पाहा. हा सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, टणक आणि चिवट.

असा दगड नुसत्या घणाच्या घावांनी सरळ फुटत नाही. पाथरवट आधी ओळीनं खाचा पाडतो, त्यांत लोखंडी पाचरा बसवतो आणि आळीपाळीनं ठोकत जातो. ठोक्याचा आवाज बदलला की दगड फुटायला आला हे त्याचा कान सांगतो. मग छिन्नीनं कडा साधायच्या, गुण्यानं काटकोन तपासायचा. मला या कानाचं फार अप्रूप वाटतं.

याच जातीच्या दगडातून घरचं जातं, पाटा-वरवंटा, उखळ घडलं. पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही; मग त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करायचं. ‘टाकीऽऽ’ अशी हाक पूर्वी गल्लीत यायची. मिक्सर आले आणि ती बंद पडत गेली.

गडाजवळच्या भाजे लेण्यांत मात्र चिरे रचलेलेच नाहीत. तिथं अखंड कातळ कोरला आहे, आणि चैत्यगृहाच्या छताला बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे 2,000 वर्षांनंतरही जागेवर आहेत.