मंगळावरचे पाहुणे आणि बरणीचं झाकण

आमचा गट पुढच्या महिन्यापासून रेडिओवर एक विज्ञान-नाटक सादर करणार आहे. तयारीसाठी आम्ही रेडिओच्या दुनियेतल्या सगळ्यात गाजलेल्या विज्ञान-नाटकाची माहिती गोळा केली. त्या एका भागात इतक्या गमती दडलेल्या आहेत, की आजचा वेळ त्यांनाच द्यायचं ठरवलं.

तारीख ३० ऑक्टोबर १९३८, वार रविवार. तेव्हा बापू आपल्या वर्धेजवळच राहत होते आणि सेवाग्रामचं नाव अजून शेगावच होतं. अमेरिकेत त्या रात्री ऑर्सन वेल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या पोरानं एक नाटक रेडिओवर आणलं. मंगळावरचे प्राणी पृथ्वीवर उतरतात, अशी गोष्ट. ती मूळची एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या १८९८ च्या कादंबरीतली. दोघांची आडनावं ऐकायला सारखी, पण नातं काही नाही.

कादंबरीत मंगळावरचं यान इंग्लंडमध्ये पडतं. ऐकणारे अमेरिकन, त्यांना इंग्लंडच्या माळरानाचं काय? म्हणून नाटक लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉकनं न्यू जर्सी राज्याचा रस्त्यांचा नकाशा घेतला, डोळे मिटले आणि पेन्सिल टेकवली. ती ग्रोव्हर्स मिल नावाच्या खेड्यावर पडली. झालं, यान तिथल्या एका कास्तकाराच्या वावरात उतरलं! पुढे त्या गावानं त्या न घडलेल्या प्रसंगाचं स्मारकही उभारलं.

आता त्यातल्या खाणाखुणा बघा. नाटकातला बातमीदार यानाजवळ उभा राहून बोलतो आणि बोलता बोलता त्याचा आवाज कापायला लागतो. ते काम करणाऱ्या नटानं आधी एक खरं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. ६ मे १९३७ ला न्यू जर्सीतच हिंडेनबर्ग नावाचं मोठं हवाई जहाज पेटलं. ते डोळ्यांनी बघत असलेला निवेदक बोलता बोलता रडायला लागला होता. ऐकणाऱ्यांच्या कानात तो आवाज होताच. दुसरी खूण मंत्र्याच्या भाषणाची. राष्ट्राध्यक्षाचं पात्र रेडिओ कंपनीला नको होतं, म्हणून नाटकात साधा मंत्री ठेवला. पण नटानं आवाज काढला तो हुबेहूब राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा. नाव बदललं, आवाज राहिला, आणि लोक तर आवाजावरच विश्वास ठेवतात.

शिवाय महिनाभर आधीच युरोपात लढाई पेटते की काय अशी वेळ आली होती. गाणी मध्येच थांबवून बातम्या देण्याची सवय रेडिओला तेव्हाच लागली. नाटकही तसंच बांधलेलं. हॉटेलातला वाद्यवृंद वाजतोय, मध्येच बातमी, परत वाद्यवृंद, परत बातमी.

त्याच वेळेला दुसऱ्या केंद्रावर बोलक्या बाहुलीचा कार्यक्रम असायचा आणि तो फार लोकप्रिय होता. आपल्या पाध्यांच्या अर्धवटरावासारखा, पण रेडिओवर! ओठ हलतात की नाही हे दिसतच नाही तिथे बोलक्या बाहुलीची कसली कमाल, असं आमच्यातली एक म्हणाली. पटलं. पण तिकडून कंटाळून कोणी उशिरा इकडे वळला, तर सुरुवातीची ‘हे नाटक आहे’ ही सूचना त्याच्या कानावरून गेलेली असायची. पुढची सूचना यायला जवळजवळ चाळीस मिनिटं होती.

आम्हाला सगळ्यात आवडलेली बाई म्हणजे ओरा निकोल्स. त्या कंपनीतल्या आवाज तयार करणाऱ्या विभागाची ती प्रमुख होती. यानाचं झाकण फिरतं तो आवाज संडासात बरणीचं झाकण हळूहळू फिरवून काढला होता, असं सांगतात. आम्ही लगेच लोणच्याची बरणी घेऊन न्हाणीघरात करून पाहिलं. आवाज असा घुमला की बाहेरची पोट्टी पळाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ‘सारा देश घाबरला’ असं छापलं. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा ते बरंचसं फुगवलेलं निघालं. रेडिओमुळे वर्तमानपत्रांच्या जाहिराती कमी होत होत्या, तो राग त्यात होता. इक्वेडोर देशातली गोष्ट मात्र फुगवलेली नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्विटो शहरातल्या रेडिओनं हेच नाटक तिथल्या गावांची नावं घालून केलं. लोक रस्त्यावर आले. नाटक आहे हे कळल्यावर ते इतके चिडले की त्यांनी रेडिओची इमारतच पेटवली. आतली माणसं मेली.

इथे आमच्या गटात दोन तट पडले. आपल्या नाटकातलं यान खऱ्या गावात पाडायचं की मनातल्या? काहीजणी म्हणाल्या, खरं नाव नसेल तर गोष्ट अंगाला लागत नाही, आणि उदाहरण तर शेजारचंच आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात ठिकठिकाणी आकाशातून जळते पट्टे जाताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. आडवं मोजलं तर सुमारे तीन मीटर. ते चीनच्या रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. आकाशातून वावरात वस्तू पडणं ही आपल्याकडे नुसती कल्पना राहिलेली नाही.

दुसऱ्या बाजूनं एकीनं राईनपाड्याचं नाव घेतलं आणि सगळ्याजणी गप्प झाल्या. धुळे जिल्ह्यात १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारी टोळी आली अशी मोबाईलवर फिरलेली अफवा खरी मानून जमावानं पाच जणांना ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. आपल्या नाटकातही परगावचा माणूस, पोटात भीती आणि ‘आत्ताच बातमी आली’ असा आवाज आहे. त्यातला तुकडा कापून कोणी मोबाईलवर फिरवला तर?

म्हणून ठरलं: गावाचं नाव मनातलं, कलेक्टरसाहेबांच्या आवाजाची नक्कल नाही आणि दर पाच मिनिटांनी जात्याची घरघर. ती ऐकू आली की समजायचं, नाटक चालू आहे. बातमीच्या प्रत्येक तुकड्याखालीही ती घरघर बारीक ठेवणार, म्हणजे कोणी कापला तरी जातं सोबत जाईल.

ओळखीच्या खुणा घालायच्या कशा, हे आम्ही जयंत नारळीकरांकडून घेतलं. त्यांचा जन्मही १९३८ चाच. ‘वामन परत न आला’ हे नाव वाचलं की तीन पावलं आपोआप आठवतात, फोड करून सांगावी लागत नाही. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये १७६१ ची लढाई मराठे जिंकले असते तर, असा विचार आहे. ‘पानिपत झालं’ असं रोज म्हणणाऱ्या आपल्याला त्यातला चटका लगेच कळतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज. वि. ना. ची अक्षरं उलटी! बक्षीस मिळालं ते त्या जगतापांना.

आमच्या नाटकातल्या खुणा आज फोडणार नाही. शेवट तेवढा मूळचाच ठेवतोय. मंगळावरच्यांना तोफा मारत नाहीत, इथले साधे रोगजंतू मारतात. त्या जंतूंशी झगडण्याची ताकद त्यांच्या अंगात नसते. आमच्या गटातल्या आशाताई म्हणाल्या, लसीचं बोलणं इथे आपोआप येईल, वेगळं भाषण नको.

एक काम राहिलंय. लोणच्याची बरणी परत भरली गेली. कोणाकडे जाड काचेची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बरणी असेल तर तालमीला येताना घेऊन या. झाकण थोडं गंजलेलं असलं तर उत्तम.