तांब्याच्या पत्र्यावरची आई

जेवणं उरकली असतील. भांडी घासायला बसला असाल तर एखादं तांब्याचं नाहीतर पितळेचं भांडं जरा हातात घ्या. लग्नात आहेर आलेला असेल तर काठाखाली नाव असेल, टिंबाटिंबांनी कोरलेलं. त्या नावावर तेलात कालवलेलं काजळ चोळा, वरवर पुसून घ्या आणि ओलसर कागद घट्ट दाबा. खळग्यांत राहिलेलं काजळ कागदावर थोडंफार उतरतं. नाव मात्र उलटं येतं. आम्ही करून पाहिलं, बोटं काळी झाली आणि घरच्यांची बोलणी खाल्ली.

युरोपातल्या सोनारांनी पंधराव्या शतकात असंच काहीसं केलं. धातूवर नक्षी कोरायची, खळग्यांत शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा. पण कोरणीनं धातू खोदायला मनगट वर्षानुवर्षं तयार व्हावं लागतं. मग सन 1500च्या सुमारास जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावात डानिएल होफर नावाच्या कारागिरानं दुसरी वाट धरली. तो चिलखतांवर नक्षी करायचा, ती तेजाबानं. तेच त्यानं चित्रं छापायला लोखंडी पत्र्यावर केलं. पुढे लोखंडाच्या जागी तांबं आलं. शंभरेक वर्षांनी हॉलंडमध्ये जन्मलेल्या रेम्ब्राँ यांनी या पद्धतीनं तीनशेच्या आसपास चित्रं केली. याला एचिंग म्हणतात.

काम असं चालतं. तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा. गरम करून त्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा. मेणबत्तीच्या धुरावर धरून तो काळा करायचा, म्हणजे रेघ नीट दिसते. मग सुईनं चित्र काढायचं. सुई फक्त मेण खरवडते, म्हणून हात पेन्सिलीसारखा मोकळा फिरतो. पत्रा तेजाबात ठेवला की जिथं मेण नाही तिथलं तांबं खाल्लं जातं. फिकट हव्या त्या रेघा लवकर बाहेर काढून झाकायच्या आणि पत्रा पुन्हा आत सोडायचा. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि काळी. या वाफेनं घसा धरतो, डोळे चुरचुरतात. शेवटी मेण काढायचं, शाई भरायची, फडक्यानं पुसायची, वर ओला कागद आणि लोकरीचं कापड ठेवून दोन रुळांमधून पत्रा ओढायचा, उसाच्या चरकातून ऊस जातो तसा. एका पत्र्यावर एक चित्र काढलं की छाप कितीतरी निघतात.

आज आम्हाला सांगायचं आहे ते एका बाईबद्दल. केटे कोलविट्झ हे तिचं नाव. आम्ही आपल्या केटेबाई म्हणू.

केटेबाईंचा जन्म 1867चा, क्योनिग्सबेर्ग शहरातला. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज रशियात आहे. वडील कायदा शिकलेले, पण घरं बांधायच्या धंद्यात पडले. मुलीचा हात बघून त्यांनी तिला लहानपणीच एका कोरीव काम करणाऱ्याकडे शिकायला घातलं. मोठ्या कलाशाळा बायकांना घेत नव्हत्या, म्हणून बर्लिन आणि म्युनिकमध्ये बायकांसाठीच्या वेगळ्या शाळांत त्या शिकल्या. 1891 साली लग्न झालं. नवरा डॉक्टर. बर्लिनच्या कामगारवस्तीत त्यांचा दवाखाना, तिथंच घर. दवाखान्यात येणाऱ्या बाया केटेबाईंशीही बोलत बसायच्या. नवऱ्याचं दारू पिणं, गेलेलं काम, आजारी लेकरं. केटेबाईंनी पुढे सरळ लिहून ठेवलंय की सुरुवातीला कामगारांची चित्रं त्या काढत, ती केवळ ही माणसं दिसायला सुंदर वाटत म्हणून. त्यांचं दुःख कळलं ते नंतर. हे कबूल करणं आम्हाला आवडलं.

1893 साली त्यांनी एक नाटक पाहिलं. सायलेशियातल्या विणकरांनी 1844 साली उठाव केला होता, त्यावरचं. हातमागाच्या कापडाला व्यापारी भाव देईनात, घरात खायला नाही, म्हणून विणकर उठले होते. ते पाहून केटेबाईंनी सहा चित्रांची मालिका करायला घेतली. एचिंग करायचं ठरवलं, पण हात तेवढा बसलेला नव्हता आणि पत्रे बिघडत गेले. मग पहिली तीन चित्रं त्यांनी शिळाछापावर केली. आपल्याकडे जुन्या पोथ्या निघायच्या तेच दगडावरचं छापकाम. पुढची तीन एचिंगमध्ये जमली. चार वर्षं गेली. 1898 साली बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात परीक्षकांनी त्यांचं नाव सुवर्णपदकासाठी सुचवलं. बादशहानं नाही म्हटलं. पदक गेलं, पण नाव सगळीकडे झालं.

पुढची मालिका शेतकऱ्यांची. 1525 साली जर्मनीत शेतकरी उठले होते, त्यावरची सात चित्रं 1908पर्यंत झाली. एकात दोन माणसं बैलाच्या जागी नांगराला जुंपलेली आहेत, अंग जमिनीला टेकायला आलेलं. एकात एक बाई विळ्याला धार लावते आहे. पातं गालाजवळ, डोळे अर्धे मिटलेले, मनात काय चाललंय ते सांगायला नको. आणि ‘रणभूमी’ नावाचं एक. रात्र आहे, सगळीकडे मुडदे पडलेत. एक म्हातारी कंदील घेऊन वाकलीये आणि एका पोराच्या हनुवटीला हात लावून बघतीये, माझाच का म्हणून. हे चित्र आम्ही मोबाईलवर मोठं करून पाहिलं तेव्हा कुणी काही बोललं नाही.

1903 साली त्यांनी आणखी एक एचिंग केलं, मेलेल्या लेकराला उराशी कवटाळून जमिनीवर बसलेल्या आईचं. त्यासाठी आरशासमोर त्या स्वतः बसल्या आणि मांडीवर घेतला धाकटा मुलगा पीटर, सात वर्षांचा. ओझं पेलताना त्या कण्हत होत्या आणि पोरगा त्यांना धीर देत होता.

1914 साली महायुद्ध लागलं. पीटर अठरा वर्षांचा, त्याला आपणहून भरती व्हायचं होतं. सज्ञान नव्हता, म्हणून बापाची परवानगी लागणार होती. बाप नाही म्हणत होता. पोरानं आईकडे पाहिलं आणि आईनं नवऱ्याची समजूत घातली. ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

इथं आमच्या बैठकीत वाद झाला. आमच्यातल्या दोघींची मुलं फौजेत आहेत. एक म्हणाली, हे रेडिओवर सांगू नका, ऐकणाऱ्या आयांना झोप लागणार नाही. दुसरी म्हणाली, माझ्या पोरानं विचारलं तेव्हा मीही हो म्हटलं होतं, मला ऐकायचंय त्या बाईचं पुढं काय झालं. म्हणून सांगतोय.

पुढं त्यांना युद्धाची चित्रं वर्षानुवर्षं जमेनात. एचिंगच्या बारीक रेघा त्यांना पुरेनात. 1920 साली एका दुसऱ्या चित्रकाराची लाकडावर कोरलेली चित्रं पाहिली आणि त्यांनी लाकूड हातात घेतलं. ही पद्धत उलटी. छापील कापडाचा ठसा असतो तशी, कोरलेला भाग पांढरा राहतो आणि वर उरलेला काळा उमटतो. अशी सात चित्रं झाली. पहिल्यात आई तान्हं मूल दोन्ही हातांनी पुढे करून देऊन टाकते आहे. दुसऱ्यात तरुण पोरं ढोल वाजवणाऱ्या मृत्यूमागे चाललीयेत. एकात आयांनी घोळका करून लेकरं मधे घेतलीयेत, हातांची नुसती भिंत. कुणी विचारलं असतं तर पहिली आई कोण हे त्यांनी लपवलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

1919 साली प्रशियाच्या कला अकादमीत निवडून आलेल्या त्या पहिल्या बाई. 1933 साली नाझींनी त्यांना राजीनामा द्यायला लावलं. दुसऱ्या महायुद्धात नातू गेला, त्याचंही नाव पीटर. 1943 साली बाँबनं बर्लिनचं घर गेलं आणि घरातलं बरंच काम जळालं. पण छाप आधीच दुसऱ्यांच्या घरी, संग्रहालयांत पोचले होते, ते राहिले. केटेबाई 22 एप्रिल 1945 रोजी वारल्या. त्यानंतर सोळा दिवसांनी युरोपातलं युद्ध थांबलं.

यातली सहा चित्रं आम्ही छापून घेतली आहेत. येत्या बैठकीला समाजमंदिरात लावू. ‘रणभूमी’ दारापाशी उजेडात लावावं लागेल, आतल्या भिंतीवर त्या म्हातारीचा हात दिसत नाही.