डागडुजीला वाली कोण?

(जुळे सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभेला येताना आपल्यापैकी पुष्कळजण आसरा चौकाजवळचा रेल्वेवरील पूल ओलांडून आले असतील. पूल ओलांडताना त्याचा विचार कोणी करीत नाही, आणि तो करावा लागू नये हेच पुलाचे यश. परंतु ज्यांच्या हाती सार्वजनिक पैसा आहे त्यांनीही तो विचार सोडून दिला, तर काय होते हे महाराष्ट्राने गेल्या दहा वर्षांत वारंवार पाहिले आहे.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 साली बांधलेला पूल महापुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतील माणसे नदीने गिळली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य असल्याचा निर्वाळा देण्यात आला होता. 14 मार्च 2019 रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. त्याचीही तपासणी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्तीवर तो सुरक्षित ठरविला गेला होता. 15 जून 2025 रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडून चारजण मृत्युमुखी पडले. तेथे नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती. काम मात्र उभे राहिले नव्हते.

या तिन्ही घटनांत ज्ञान नव्हते असे नाही, कायदा नव्हता असे नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत ‘रस्ते व पूल’ हा चौथाच विषय आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 ने पुलांची बांधणी आणि देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. मग अडते कोठे?

अडते ते अंदाजपत्रकाच्या रचनेत. मी आयुष्यभर सार्वजनिक वित्तव्यवहार शिकविला, म्हणून हा मुद्दा जरा फोड करून सांगतो. नवा पूल हा भांडवली खर्च. त्यासाठी केंद्राची योजना असते, राज्याचे अनुदान असते, कर्ज मिळू शकते. बेअरिंग बदलणे, सांधे दुरुस्त करणे, पाणी वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवणे, दगडी बांधकामात रुजलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढणे, पायाशी वाहून गेलेली माती भरून घेणे हा बहुतांशी महसुली खर्च. तो महापालिकेने आपल्या रोजच्या उत्पन्नातून करावयाचा. त्या उत्पन्नातून आधी पगार, निवृत्तिवेतन आणि वीजबिल भागते. उरलेच काही तर डागडुजी.

आणि हे रोजचे उत्पन्न तरी कितपत स्वतःचे उरले आहे? जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिका राज्याकडून येणाऱ्या नुकसानभरपाईच्या हप्त्यावर जगू लागली. 2011 च्या जनगणनेनुसार 9,51,558 लोकसंख्येचे आपले शहर दहा लाखांच्या आतले. अशा शहरांना पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या 20 शहरांत 2016 साली सोलापूरचे नाव आले. 31 मार्च 2025 ला ती योजना संपली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या वस्तूंची निगा राखण्याचा बोजा मात्र संपलेला नाही. देणारा वस्तू देतो, निगा देत नाही.

सोलापूरकरांना हा धडा नवा नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी 1949 साली बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर आले आणि 1950 साली केंद्र सरकारला खास कायदा करून तिचा कारभार हाती घ्यावा लागला. गैरव्यवस्थापन आणि हेळसांड ही कारणे त्या कायद्यातच नमूद होती. यंत्राची झीज भरून काढण्याचे पैसे बाजूला न ठेवता जो कारखानदार सगळी मिळकत नफा म्हणून वाटतो, तो वस्तुतः भांडवल खात असतो. पुलाची दुरुस्ती टाळून शिल्लक दाखविणारी महापालिका नेमके हेच करते. फरक इतकाच, की येथे ताळेबंद बुडण्याआधी माणसे बुडतात.

भैय्या चौकाजवळचा शंभर वर्षांहून जुना रेल्वे पूल डिसेंबर 2025 मध्ये पाडण्यात आला. तो पाडणे योग्यच होते. पण शहरातील बाकीच्या पुलांचे आयुष्य किती उरले, त्यांतला कोणता रेल्वेचा, कोणता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि कोणता महापालिकेचा, हे येथे बसलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील? मालकी संदिग्ध असली की जबाबदारी टोलविणे सोपे जाते.

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे या शहरात प्रशासकाची राजवट होती. खर्चाचे निर्णय होत होते, त्यांवर सभागृहात प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होऊन लोकनियुक्त सभागृह पुन्हा आले आहे. त्याच्यापुढे आपण तीन मागण्या ठेवाव्यात. पहिली, शहरातील प्रत्येक पुलाची यादी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी: मालक कोण, बांधणी केव्हाची, शेवटची तपासणी कधी झाली, तीत काय आढळले आणि त्यावर काय केले. दुसरी, अंदाजपत्रकात पुलांच्या देखभालीचे स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्यातील रक्कम अन्य कामाकडे वळविण्यास बंदी असावी. तिसरी, नव्या पुलाचा प्रस्ताव येताना त्याच्या पुढील वीस वर्षांच्या निगेचा खर्चही सोबत मांडला जावा.

कोणी म्हणेल, ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तेथे पुलांच्या डागडुजीची चैन कशाला? प्रश्न खरा आहे. पाण्याचा पैसा तोडून पूल दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. म्हणूनच महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न वाढले पाहिजे, आणि ज्यांच्याकडे मोठी बांधकामे आणि मोक्याच्या जागा आहेत त्यांची थकबाकी आधी वसूल झाली पाहिजे. पण आपण जुळे सोलापूरचे मध्यमवर्गीय रहिवासीही मालमत्ता कर वेळेवर भरतो का, हे स्वतःला विचारावे. भरणाऱ्यालाच हिशोब मागण्याचे बळ येते.

शेवटी एक कबुली. नव्या पुलासाठी आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, धरणी धरली. जुन्या पुलाच्या दुरुस्तीसाठी आपण एकही मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. दुरुस्तीला कोनशिला नसते, फीत नसते, हारतुरे नसतात. म्हणून पुढाऱ्यांना तिच्यात रस नसतो हे समजू शकते. कार्यकर्त्यांना तरी तो असावा. जी माणसे सायकलवर, पायी, एस.टी.तून रोज पूल ओलांडतात त्यांच्यासाठीच आपले राजकारण आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक प्रभागातून पुलांच्या यादीची मागणी लेखी जावी, एवढा ठराव आज करून उठू या.