नाम, सर्वनाम आणि आपली नातवंडं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे इंग्रजी व्याकरणाचा. मागच्या रांगेतले काही चेहरे आत्ताच पडलेत. घाबरू नका, कुणालाही फळ्यावर बोलावणार नाही.

आपल्यापैकी बरेच जण आता आजी-आजोबा आहेत. नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. नात विचारते, "आजोबा, ॲडजेक्टिव्ह म्हणजे काय?" आपण म्हणतो, "आईला विचार गं, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं." ते खरंच आहे. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, आणि विशेषण तर आपल्याला याच शाळेत बाईंनी शिकवलं होतं. आज मला एवढंच सांगायचं आहे की, या प्रश्नांची बरीचशी उत्तरं आपल्याजवळ आहेत. फक्त नावं वेगळी आहेत.

मराठीत शब्दांच्या आठ जाती आपण पाठ केल्या. शाळेतल्या इंग्रजी व्याकरणातही आठच. हा योगायोग नाही. संस्कृत परंपरेत यास्काने चार जाती सांगितल्या होत्या: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालं. ते लिहिताना त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती, आणि इंग्रजीने ती लॅटिनवरून उचलली होती. म्हणजे चौकट तिकडची आणि नावं आपल्या वळणाची. म्हणूनच ही नावं इतकी जुळतात.

आता ही नावं काय सांगतात ते पाहा. नाऊन हा शब्द लॅटिन 'नोमेन'वरून आला, अर्थ 'नाव'. आपलं 'नाम' आणि ते 'नोमेन' एकाच जुन्या मुळाचे. प्रोनाऊन म्हणजे नामाच्या बदली आलेला शब्द. आपण त्याला सर्वनाम म्हणतो, कारण 'तो' हा शब्द कुणालाही लागू पडतो, तो सर्वांचं नाम आहे. ॲडव्हर्बमध्ये व्हर्ब दडलेला आहे, तसंच क्रियाविशेषणात क्रिया. इंटरजेक्शन म्हणजे मध्येच टाकलेला शब्द: अरेच्चा! बापरे!

कंजंक्शन आणि रेल्वेचं जंक्शन हे तर सख्खे भाऊ. कल्याणला कर्जतकडची आणि कसाऱ्याकडची लाइन जोडली जाते म्हणून ते जंक्शन. 'अँड', 'बट' हे दोन वाक्यं जोडतात म्हणून ते कंजंक्शन. उभयान्वयी म्हणजे तरी काय, दोघांचा संबंध लावणारं. आणि टेन्स म्हणजे काळ. तो लॅटिनमधल्या काळवाचक शब्दावरून आला. त्याचा टेन्शनशी काही संबंध नाही, परीक्षेत कितीही वाटलं तरी.

पण मित्रहो, काही ठिकाणी नावं जुळतात आणि भाषा वेगळ्या वाटेने जातात. आपली मुलं अडखळतात ती नेमकी तिथे.

आपल्या घाटातलंच वाक्य घ्या: गाडी बोगद्यातून जाते. इंग्रजीत 'थ्रू द टनेल'. प्रीपोझिशन म्हणजे आधी ठेवलेलं, म्हणून 'थ्रू' आधी येतं. मराठीत 'तून' मागून येतो आणि चिकटताना 'बोगदा'चा 'बोगद्या' करतो. 'टनेल' मात्र आहे तसाच राहतो. आपण प्रीपोझिशनला शब्दयोगी अव्यय म्हणायला शिकलो, पण त्याचं काम मराठीत पुष्कळदा विभक्तीचा प्रत्यय करतो. एखादं मूल 'टनेल थ्रू' लिहितं ते मठ्ठ म्हणून नव्हे, त्याचं मराठी पक्कं आहे म्हणून.

दुसरी अडचण आर्टिकलची, म्हणजे उपपदाची. मराठीत ते नाहीच. स्टेशनवर कुणी "गाडी गेली" म्हटलं की लोणावळेकराला कळतं कोणती गेली. इंग्रजीला ते 'द' लावून सांगावं लागतं. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांना ठाऊक असलेली ती 'द ट्रेन'. कुठलीही एक, ती 'अ ट्रेन'. नदीच्या नावाला 'द' लागतो, द इंद्रायणी. लोहगडाला लागत नाही.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. मी लाडू खाल्ला, मी चिक्की खाल्ली, मी पोहे खाल्ले. खाणारा एकच, पण कर्म बदललं की क्रियापद बदललं. हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय एट'. आपण पाठ केलं होतं, पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग. पण 'मी लाडू खाल्ला' हे वाक्य मराठीत कर्मणी असलं तरी इंग्रजीत ते ॲक्टिव्हच होतं. इथे नावांची जोडी पुरत नाही, शब्द वाक्यात काय काम करतोय ते पाहावं लागतं.

हे सगळं आज का सांगतोय? आपल्या भागात हॉटेलं आहेत, पर्यटक आहेत, पलीकडे तळेगाव-चाकणचे कारखाने आहेत. मावळातल्या खेड्यांतून येणारी हुशार मुलं इंग्रजीत प्रश्न आला की गप्प होतात. त्यांना वाटतं, हे सगळं परकं आहे, आपल्याला यातलं काहीच येत नाही. प्रत्यक्षात निम्मं त्यांना येत असतं. कुणीतरी ते दाखवून द्यायला हवं.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेच्या प्रत्येक वर्गासाठी एक तक्ता करू. एका बाजूला नाऊन, दुसऱ्या बाजूला नाम, आणि खाली मावळातलंच एक वाक्य दोन्ही भाषांत. वाक्यं आपण सगळ्यांनी सुचवायची, तपासायला सर आणि बाई आहेतच. खर्च फार नाही.

आणि घरी नातवंडांना टाळू नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे त्यांनाही नाम आणि सर्वनाम शिकायचंच आहे. त्यांनी आपल्याला नाऊन सांगावं, आपण त्यांना नाम सांगावं.

तक्त्यासाठी वाक्यं लिहायला वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवून जाताना प्रत्येकाने एकेक वाक्य लिहावं, ही विनंती.