पुलाखाली उतरा



  पदवीधर मुलामुलींनो, आजच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'जगातील अद्भुत पूल' असा छापलाय. जपानचा आकाशी-कैक्यो 1998 साली खुला झाला, त्याचा मधला गाळा 1991 मीटरचा. फ्रान्समधल्या मियोच्या पुलाची उंची तीनशे मीटरहून जास्त. फोटो मोबाइलवर आहेत, बघून घ्या. माझी सगळी नोकरी मात्र पुलांच्या खालच्या अंगाला गेली, तेव्हा बोलणार तिथलंच.

आमच्या वेळी रस्त्यांच्या देखभालीला मैलकुली असायचे. माझ्या हाताखालचे एक काका शाळेची पायरी न चढलेले. पूर ओसरला की लांब बांबू घेऊन पात्रात उतरायचे आणि एकेका खांबाभोवती खुपसून बघायचे. बांबू नेहमीपेक्षा खोल गेला की वर येऊन सांगायचे, "सायेब, पाणी पाया खायलंय." पुराचं पाणी खांबावर आपटतं, भोवरा होतो आणि तळाची वाळू उकरली जाते. वरून डांबर अगदी गुळगुळीत दिसत असतं. काका निवृत्त झाले, ती जागा पुन्हा भरली नाही.

मग त्यांच्या जागी तपासणीचे अहवाल आले. रंगीत, स्पायरल बाइंडिंगचे. एका अहवालातला पुलाचा फोटो चक्क गाडीच्या काचेतून काढलेला होता, वायपरसकट! शेरा काय, तर 'स्थिती समाधानकारक'. त्या पुलाखाली मी स्वतः शिडी लावून चढलोय. उन्हानं गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, लांबतो, त्याला सरकायला वाव मिळावा म्हणून खांबाच्या माथ्यावर बेअरिंग असतं. तिथे वीतभर माती साचलेली आणि मातीत पिंपळ रुजलेला. बेअरिंग जाम झालं की गर्डर खांबालाच रेटायला लागतो. ते साफ करायला काय लागतं? एक माणूस, एक फावडं, एक कोयता. त्याचं इस्टिमेट खर्चाचं 'हेड उपलब्ध नाही' म्हणून परत आलं. त्याच वर्षी एका उद्घाटनाच्या मांडवाला मात्र बरोबर हेड सापडलं. असो.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीबद्दल तुम्ही लहान असताना ऐकलं असेल. महाडजवळ सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला, दोन एसटी बसगाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच्या जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण मला त्या आकड्याचा राग येतो. बांधायला आपण कुणाला हार जात नाही, बघायला कुणी जात नाही. आणि फक्त जुनंच पडतं, असंही समजू नका. पणजीचा मांडवीवरचा पूल 1970 चा, काँक्रीटचा. आतल्या पोलादी तारा गंजल्या आणि 5 जुलै 1986 ला तो कोसळला. माणसं पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली.

अमेरिकेतही हेच झालं. 1967 च्या डिसेंबरात ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज एका पोलादी दुव्यातल्या चिरेमुळे पडला, 46 माणसं गेली. फरक इतकाच की त्यानंतर तिथे पुलांच्या तपासणीचे देशभर एकच नियम झाले.

सगळीच रड नाही सांगत. कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल रत्नागिरीजवळ आहे, उंची 64 मीटर. एका टोकाला काँक्रीटचा गर्डर टप्प्याटप्प्यानं ओतायचा आणि जॅकनं पुढे ढकलत न्यायचा, अशा पद्धतीनं केलेला तो देशातला पहिला. पाहायला जाल तेव्हा दरीत उतरून वर बघा.

तुमच्यातले काही इंजिनिअर होतील, काही शिक्षक, एखादी सरपंच होईल, एखादा बातमीदार. आपल्या डोंगरकडा गावाच्या आसपास हंगामात उसाच्या ट्रॉल्या ज्या लहान पुलांवरून जातात, त्यांच्या खालचे ओढे मे महिन्यात कोरडे असतात. चपला घालून खांबापर्यंत जाता येतं. जा. पाया उघडा पडलाय का, गिलाव्याबाहेर सळई दिसते का, पाणी निघायचे पाइप तुंबलेत का, ते बघा आणि फोटो काढा. मग तालुक्याच्या कार्यालयात या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, असा लेखी अर्ज द्या. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार 2005 पासून तुमच्या हातात आहे. अर्ज पावसाळ्याआधी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.