सायकल आणि सोबत

जुन्नर आणि आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकाचे दोन शेजारी तालुके. जुन्नर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शिवनेरी उभा राहतो आणि आंबेगांव म्हटलें कीं भीमाशंकराची वाट आठवते. परंतु आज मी त्या गडाविषयीं अथवा त्या देवस्थानाविषयीं बोलणार नाहीं. त्यांच्या पायथ्याशीं रोज ज्या सायकली फिरतात त्यांच्याविषयीं चार शब्द सांगावे, असा माझा मानस आहे. विषय लहान आहे, हें मी जाणतों. पण मी प्राथमिक शाळेचा मास्तर. सारा जन्म लहानांतच गेला. तेव्हां लहान विषयाची मला लाज वाटत नाहीं.

माझें शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यापुढें मास्तरकीपुरतें दोन वर्षांचें प्रशिक्षण. १९७७ सालीं नोकरीस लागलों आणि पहिल्या कांहीं पगारांतून पैसे बाजूस टाकून एक काळी सायकल घेतली. सायकल चालवावयास मात्र त्याच्या कितीतरी आधीं शिकलों होतों, तें तासाच्या भाड्यानें मिळणाऱ्या सायकलीवर. त्या काळीं बाजारपेठेंत दुकानासमोर अशा सायकली ओळीनें उभ्या असत. सीटवरून पाय पोंचत नसत, म्हणून नळीखालून तंगडी घालून अर्धें पायडल मारीत आम्ही शिकलों. त्या शिक्षणाच्या खुणा माझ्या नडगीवर अजून आहेत.

त्या काळ्या सायकलीचीं चाकें अठ्ठावीस इंची होतीं. अशा चाकाचा एक फेरा म्हणजे सात फुटांहून थोडेंसें अधिक अंतर. परीघ शिकविण्याचा दिवस आला कीं मी टायरवर खडूची खूण करीं, अंगणांत सायकल एक फेरा चालवीं आणि मुलांना पट्टीनें अंतर मोजावयास सांगें. व्यासाच्या तिपटीहून परीघ कांहींसा जास्त भरतो, हें पुस्तकांतून सांगून मुलांना पटत नाहीं. तें सायकलीनें पटतें. म्हणून माझ्या वर्गांतली सर्वांत चांगली शिक्षिका कोण, असें कोणीं विचारलें तर मी त्या सायकलीकडे बोट दाखवीत असें.

तेव्हां दूधवाला सायकलीवर, पोस्टमन सायकलीवर, मास्तर सायकलीवर. पुढें काळ पालटला. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगांव जोगे अशीं पांच धरणें झालीं. डिंभ्याच्या पाण्याखालीं तर मूळचें आंबेगांव हें गांवच गेलें. तालुक्याला त्याचें नांव तेवढें उरलें आणि कचेऱ्या घोडेगांवीं आहेत. कालव्यांचें पाणी खालच्या बाजूच्या रानांत फिरलें. जेथें बाजरी होई तेथें ऊंस उभा राहिला, द्राक्षें आलीं, नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार भरूं लागला. हातीं पैसा आला आणि दारोदार मोटारसायकल आली. ज्याच्याकडे सायकल तो गरीब, असें लोक समजूं लागले. मीही मग एक स्कूटर घेतली आणि काळी सायकल पडवींत टांगून ठेवली.

पण जग गोल आहे, तसें चाकही गोल आहे. गेल्या कांहीं वर्षांत सायकल परत आली. आज पहांटे नारायणगांवाहून जुन्नरकडे येणाऱ्या पंधरा किलोमीटरांच्या रस्त्यावर उभें राहा. डोक्याला शिरस्त्राण बांधलेले डॉक्टर, दुकानदार, शिक्षक आणि बागाईतदार आपल्याला रांगेनें जातांना दिसतील. कोणी लेण्याद्रीवरून ओझरास जाऊन गणपतीचें दर्शन घेऊन परततो, कोणी माणिकडोहाच्या बाजूस जातो, कोणी सुटीच्या दिवशीं नाणेघाट गांठतो. ज्या घाटांतून दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या काळीं बैलांचे तांडे माल घेऊन चढत, त्याच्या माथ्यावर सायकलीवरून जाऊन झुणकाभाकर खाण्यांत कांहीं निराळाच आनंद आहे. आंबेगांवकर मंडळी घोडेगांवावरून डिंभ्याच्या पाण्याकडेनें भीमाशंकराची चढण चढतात. कांहीं तरुण तर ‘ब्रेव्हे’ नांवाच्या लांबच्या फेऱ्या करतात. त्यांत २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांच्या आंत पुरें करावयाचें असतें. आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास असलेल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेची पश्चिम-पूर्व आडवी शर्यत पुरी केली, तेव्हांपासून या वेडाला थोडी प्रतिष्ठाही आली आहे.

हीं झालीं मोठीं माणसें. लहानांचा पंथ निराळा. कालव्याच्या कडेला मुरुमाचे ढीग पडलेले आहेत, तेथें दहाबारा मुलगे रोज सायंकाळीं जमत. सायकली वीस इंची चाकांच्या. मडगार्ड काढून टाकलेले, घंटी नाहीं, मागच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंस लोखंडी नळ्या बसविलेल्या. मुरुमाचा उंचवटा करून त्यावरून सायकलीसकट उडी घ्यावयाची, पुढचें चाक उचलून एकाच चाकावर पळावयाचें, असा त्यांचा खेळ. मी एके दिवशीं थांबलों आणि जुन्या संवयीनें त्यांना फैलावर घेतलें. “हातपाय मोडून घ्याल, आणि आईबापांच्या पैशाची मोडतोड कराल ती वेगळी.” त्यांतला एक काळासांवळा मुलगा अदबीनें म्हणाला, “गुरुजी, हा खेळ ऑलिंपिकमध्यें आहे.”

मास्तराला कोणी चुकीचें सांगितलें तर राग येतो. बरोबर सांगितलें तर त्याहून अधिक येतो. घरीं जाऊन शोध केला, तों मुलगा खरें बोलत होता. १९७०च्या सुमारास अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतल्या मुलांनीं मोटारसायकलींच्या शर्यतींची नक्कल म्हणून आपल्या लहान सायकली मातींत पळविल्या, त्यांतून बी. एम्. एक्स्. हा प्रकार निघाला. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें त्याची शर्यत आली. आणि २०२१ सालीं टोकियोस, मुलें करीत होतीं तशा कसरतींचा प्रकारही आला. दुसऱ्या दिवशीं जाऊन मीं त्या मुलाजवळ आपली चूक कबूल केली. शिरस्त्राणाची अट तेवढी घातली.

आतां मी मुख्य गोष्टीकडे वळतों. ती सांगावी कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला.

उसाबरोबर आमच्याकडे आणखी एक रहिवासी आला, तो म्हणजे बिबट्या. ऊंस वर्षभर उभा असतो. त्यांत दाट आसरा, शेजारीं कालव्याचें पाणी आणि वस्तीवर कुत्रीं नि शेळ्या. बिबट्याच्या माद्या तेथेंच पिलें देऊं लागल्या. २००१ ते २००३ या वर्षांत जुन्नर वनविभागांत माणसांवर हल्ले झाले आणि सारा मुलूख भेदरून गेला. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यानें प्रश्न सुटत नाहीं, उलट बिघडतो, असें पुढें विद्या अत्रेय यांच्या अभ्यासांत दिसून आलें. पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं माणिकडोहास निवाराकेंद्र आहे. पण मी सांगतों आहें तो काळ भीतीच्या पहिल्या दिवसांचा होता.

२००१ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. शाळा सुटल्यावर कागदपत्रें पुरीं करतां करतां मला उशीर झाला. वाटेंत उसाच्या दोन फडांमध्यें सायकलीची चेन उतरली. नेहमींप्रमाणें मी खालीं बसून चेन लावूं लागलों. पाचोळा वाजला. मान वर केली तों दहा पावलांवर बिबट्या उभा! मी उभा राहिलों, कसा राहिलों तें ठाऊक नाहीं. तो क्षणभर पाहत राहिला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या उसांत शिरला. त्यानंतर चेन लावण्यासाठीं पुन्हां खालीं बसण्याचें धैर्य मला झालें नाहीं. लोंबती चेन तशीच ठेवून सायकल ढकलीत मी तीन किलोमीटर चालत घरीं आलों.

त्यानंतर आठ दिवसांनीं एका वस्तीवरचे शेतकरी मला भेटावयास आले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. गणितांत तिच्या तोडीचा मुलगा वर्गांत नव्हता. चाकाचा परीघ मोजतांना, “गुरुजी, हवा कमी असली तर परीघ कमी भरेल का?” असें विचारणारी ती. आमची शाळा संपल्यावर पुढचें हायस्कूल सहा किलोमीटरांवर. वडील म्हणाले, “गुरुजी, मी पोरीला सायकल घेतों. पण उसांतून धाडूं का? तुम्ही म्हणाल तसें करतों.” मुलगी दाराआड उभी होती. मीं त्यांना माझी चेनची हकीकत सांगितली आणि म्हणालों, “एक वर्ष थांबा.”

श्रोते हो, एक वर्ष थांबलेली मुलगी आमच्याकडे पुन्हां शाळेंत जात नाहीं. तीही गेली नाहीं. चार वर्षांनीं तिचें लग्न झालें. त्याच सालीं शेजारच्या वस्तीवरच्या तीन मुली मात्र एकमेकींच्या सोबतीनें, घंट्या वाजवीत, मोठ्यानें पाढे म्हणत त्याच रस्त्यानें हायस्कुलांत गेल्या आणि तिघीही मॅट्रिक झाल्या. मीं वडिलांना “थांबा” म्हणण्याऐवजीं “त्या तिघींच्या बरोबर धाडा” एवढें म्हणावयास हवें होतें. तेवढें मला सुचलें नाहीं. कारण मीं उत्तर दिलें तें मास्तराच्या बुद्धीनें नव्हे, घाबरलेल्या माणसाच्या बुद्धीनें. बिबट्यानें मला कांहीं केलें नव्हतें. त्या मुलीचें नुकसान झालें तें माझ्या हातून.

निवृत्तीनंतर पडवींतली काळी सायकल खालीं काढली. एके सायंकाळीं त्या मुरुमाच्या ढिगाजवळच तिची चेन उतरली. मी खालीं बसणार, इतक्यांत तो ऑलिंपिकवाला मुलगा म्हणाला, “गुरुजी, बसूं नका, उभ्यानेंच लावा.” त्यानें मागचें चाक एका हातानें उचललें, काडीनें चेन खालच्या दात्यांत अडकविली आणि पायानें पायडल उलटें फिरविलें; अर्ध्या मिनिटांत चेन जागेवर. चाळीस वर्षें सायकल चालवून मला जें आलें नव्हतें तें त्यानें मला शिकविलें. बसलेलें वा वांकलेलें माणूस बिबट्याला लहान जनावरासारखें दिसतें, म्हणून उसाच्या कडेला खालीं बसूं नये, असें वनखात्याची माणसें सांगतात. त्या मुलाला तें घरींच शिकविलें होतें.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. आतां हिवाळ्यांत, जेव्हां सहाच्या सुमारासच काळोख पडूं लागतो, तेव्हां हायस्कूल सुटल्यावर वस्त्यांवरचीं नऊदहा मुलें कालव्याच्या पुलाजवळ जमतात. कसरती करणाऱ्यांपैकीं एक थोरला मुलगा पुढें, एक मागें. मधें लहान मुलें व मुली. सर्व सायकलींना घंट्या आणि दिवे आहेत. मडगार्ड काढणाऱ्यांनींही दिवे लावले आहेत. दिवे बिबट्यापेक्षां ट्रॅक्टरांसाठींच अधिक लागतात. गळिताच्या हंगामांत उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता भरून जातात आणि पुष्कळांना मागें तांबडा दिवा नसतो. आठवड्यांतून तीन दिवस सर्वांच्या शेवटीं मी असतों.

त्या मुलांत एक मुलगी आहे. तिची आई माझी तीच विद्यार्थिनी, जी दाराआड उभी होती. सासर आमच्याच भागांतलें आहे. मुलीला प्रथम सोबतीला घेतलें त्या सकाळीं ती आई फाटकापाशीं उभी होती. मी मागच्या गोष्टीविषयीं कांहीं बोलावें म्हणून शब्द जुळवीत होतों. तिनें मुलीच्या सायकलीची हवा अंगठ्यानें दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलें आणि एवढेंच विचारलें, “गुरुजी, चेन नीट आहे ना?”

मी म्हणालों, “आहे. आणि उतरली तर आतां उभ्यानें लावतां येते.”

ती हंसली. क्षमा केली कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. मुलगी सायकलीवर बसली आणि आम्ही निघालों.

आपण शहरांत राहणारी मंडळी आहांत. आपल्याकडे बिबट्या नसेल. पण मुलांना एकटें धाडावयाची भीति आपल्यालाही असते, आणि ती अगदींच खोटी नसते. माझी विनंति इतकीच, कीं भीति वाटली म्हणजे मुलाची वाट बंद करूं नका. त्याला सोबत शोधून द्या. सायकलीला एक घंटी, मागें एक तांबडा दिवा, आणि शेजारीं आणखी एक सायकल, एवढें असलें म्हणजे पुष्कळ अंतर तोडतां येतें.